रेघ कुठे थांबवायची

येलहंका, बेंगळुरू
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

दादा,

नमस्कार. ‘तीर्थरूप’ लिहावं इतका तू मोठा नाहीस आणि ‘प्रिय’ लिहावं इतकं माझं मन आज मोठं नाही, म्हणून नुसतंच दादा. घरी सगळं ठीक आहे. तूही खुशाल असशील.

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. बारा वर्षांत तेवढं एक बदललेलं नाही, अजून तेच कोंबडीचे पाय. बाकी तुझी नयना पुष्कळ बदलली. कानाशी केस पांढरे झाले, चष्मा लागला आणि मी कन्नडमध्ये भांडायला शिकले. आपल्या नाक्यावरचे रिक्षावाले आता मला वचकून असतात. समोरच्या गौरक्कांचं बैठं घर पाडून तिथे चार मजले चढले, त्यामुळे स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येत नाही. विमानांचा आवाज मात्र होता तसाच आहे. हवाई दलाचा सराव सुरू झाला की बाबा अजून गच्चीवर जातात आणि नुसत्या आवाजावरून विमान ओळखतात. चुकलं तर सांगणारं कोणी नाही, त्यामुळे कधीच चुकत नाहीत.

माझ्या नोकरीचं तुला ठाऊक आहे, पण ठाऊक नाही असं धरून सांगते. व्हाइटफील्डला एक छोटी कंपनी आहे, आकडेवारीचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर बनवते. रोज येलहंक्याहून तिथवर जायचं म्हणजे अर्धं आयुष्य कॅबमध्ये. माझं काम एकच, वापरणाऱ्यांच्या सूचना वाचायच्या. आमच्या साइटवर एक पान आहे, तिथे कोणीही लिहावं की सॉफ्टवेअरमध्ये काय सुधारायला हवं. सगळ्यांना ते दिसतं, उत्तर मी देते. लोक काय काय मागतात म्हणून सांगू! एका डॉक्टरीणबाईंना, उत्तर मनासारखं आलं की आकडा हिरवा व्हायला हवा होता. एका प्राध्यापकांनी सुचवलं की नको असलेले आकडे पुसण्याआधी सॉफ्टवेअरनं ‘खात्री आहे का’ असं विचारू नये, विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास खचतो. एकानं तर सरळ ‘प्रबंध’ नावाचं बटण मागितलं. मी सगळ्यांना गोड उत्तरं देते. आमचा प्रमुख महांतेश म्हणतो, “नयना, आप तो ना भी ऐसे बोलती हो कि लोग थँक्यू लिखते हैं.”

फेब्रुवारीत एक सूचना आली. कुठल्याशा डोंगराळ गावातल्या शेतकी कॉलेजातून, एम. रत्नाकर नावाच्या माणसाकडून. त्या नावानं मला काहीच वाटलं नाही. इथे आडनाव टाकून बापाचं नाव लावायची रीतच आहे, आमच्याच मजल्यावर दोन रत्नाकर आहेत. सूचना होती ती पायऱ्यांच्या आलेखाबद्दल. रोपं लावली, त्यातली किती किती दिवस जगली, ते दाखवणारी रेघ. एक रोप गेलं की रेघ एक पायरी खाली येते. ज्या रोपाची चिठ्ठी पडली, जे सापडेनासं झालं, त्याला मेलेलं धरत नाहीत. शेवटचं दिसलं त्या दिवसापर्यंत ते जिवंत होतं एवढंच धरतात आणि तिथे रेघेवर एक बारीक खूण करतात. हे मी तुला शिकवतेय, गंमतच आहे.

तर त्या माणसानं लिहिलं होतं की तुमचं सॉफ्टवेअर शेवटचं रोप दिसेनासं झाल्यावरही रेघ कागदाच्या कडेपर्यंत ओढतं, ते बंद करा. पुढचं तुम्हाला काहीच माहीत नाही. पाहुण्याला उठावं कधी ते कळावं लागतं, तसं रेघेलाही कळायला हवं.

मी उठून पाण्याच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिले. हातात ग्लाससुद्धा नव्हता. दादा, पाहुण्याचं हे वाक्य तू मला जेवताना ऐकवलंस, ताटात आमटीच्या बोटानं पायऱ्या काढून. मी तेव्हा एमएस्सीला होते आणि मला तो आलेख काही केल्या समजत नव्हता. तू इतक्या पायऱ्या काढल्यास की आई म्हणाली, “आता त्या पायऱ्यांवरून भात खाली उतरला की मग जेवणार का तू?” जगात आणखी कोणाला सुचेल ते वाक्य? आडनाव टाकलंस, गाव टाकलंस, आम्हाला टाकलंस, आणि एका रेघेवरचा राग तेवढा बरोबर घेऊन गेलास.

उत्तर मी नेहमीसारखंच दिलं. सूचनेबद्दल आभार, विचार करतो. तूही नेहमीच्या माणसासारखं उलट लिहिलंस, आभारी आहे. खाली तीच सही, एम. रत्नाकर. त्या दिवशी घरी येताना हेब्बाळच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या आणि मला पहिल्यांदाच त्याचं काही वाटलं नाही. माझा भाऊ जिवंत होता. रोपं लावत होता आणि लोकांच्या चुका काढत होता.

आता जेवायला बोलावतायत. आज बाबांनी पिठलं केलंय.

मंगळवार, कॅबमध्ये

अक्षर आणखी वाईट येईल, गाडी हलते आहे.

रविवारी पुढे लिहिता येईना. बाबांनी पिठलं का केलं, असं तुला वाटलं असेल. ज्या माणसाला बारा वर्षांपूर्वी गॅस पेटवता येत नव्हता, तो पिठलं करतो म्हणजे काय, एवढं तुला कळत असणार. तरी लिहिते, कारण न लिहून चालणार नाही. आषाढात आई गेली.

वर ‘घरी सगळं ठीक’ असं लिहिलंय ते खोडत नाही. हात सवयीनं लिहून गेला.

मे महिन्यात तिच्या पोटात पाणी झालं. जूनमध्ये डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसवून मला आत बोलावलं. त्याच दुपारी मी तुला त्या साइटवरून खासगी निरोप पाठवला, माझ्या खऱ्या नावानं. दादा, मी नयना, आई आजारी आहे, ये. तू निरोप वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. नंतर एम. रत्नाकर या नावानं कोणीच काही लिहिलं नाही.

मला तुझा राग आहे. आईच्या उशाशी बसून मी त्या खुणेकडे बघायची आणि रागानं फोन पालथा ठेवायची. कदाचित तुला लाज वाटली असेल, कदाचित तू तिकीटही काढलं असशील. मी तुझ्या बाजूनं पुष्कळ कारणं शोधली. त्यातलं एकही आईला पुरलं नसतं.

तिला मी सांगितलं होतं. दवाखान्यात, बाबा औषधं आणायला गेले होते तेव्हा. म्हटलं, आई, दादा आहे. कॉलेजात आहे, झाडांचं काम करतो. तिनं उशीवरून मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, “बारीक झाला असेल.” आणि मग माझा हात धरून म्हणाली, “ह्यांना सांगू नकोस, नयू. हे आणायला जातील. आणलेला नको मला. त्याचा तो येऊ दे.”

मी शब्द दिला. दाराचा आवाज झाला की ती डोळे उघडायची. नर्स असायची, नाहीतर मीच. शेवटच्या दिवशी तिनं दाराकडे बघणं सोडून दिलं, ते मला बघवलं नाही.

आता बाबांचं सांगते. तू गेलास त्या दिवसाचं फार आठवत बसू नये असं मी ठरवलंय. तुझी नोकरी सुटलेली, तू महिनोन्‌महिने डबा घेऊन निघायचास आणि कब्बन पार्कात बसायचास. विसरलेला चष्मा द्यायला बाबा तुझ्या ऑफिसात गेले आणि तिथे कळलं. संध्याकाळी सगळ्यांदेखत ते म्हणाले, “मेलास तू आम्हाला.” रागात कोणीही म्हणतं असं वाक्य. तू तेवढं मात्र शब्दशः घेतलंस. त्या वाक्यानंतर बाबांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. दूधवाल्यावरसुद्धा नाही.

एक तप झालं की, ज्याचा ठावठिकाणा नाही अशा माणसाचा पालाशविधी करतात. पळसाच्या देठांचं माणूस बांधायचं आणि त्याला अग्नी द्यायचा. बारा वर्षं भरायच्या आधीपासूनच नातेवाईक मागे लागले होते, पण आई म्हणायची, मी असेपर्यंत माझ्या घरात हे होणार नाही. ती गेली आणि पितृपक्षात बाबा एकदा मला म्हणाले, “करून टाकू या.” मला वाटलं, नातेवाइकांना कंटाळले असतील. पण ते म्हणाले, “ती तिकडे त्याला शोधत हिंडत असेल गं. त्याचं काहीच केलेलं नाही आपण. कसा सापडायचा तो तिला?”

सांग, यावर मी काय बोलायला हवं होतं? आईला दिलेला शब्द एकीकडे, हा म्हातारा एकीकडे. तो जिवंत आहे असं सांगायचं, तर पुढचंही सांगावं लागणार, की त्याला आई आजारी असल्याचं कळलं होतं आणि तो आला नाही. मेलेल्या मुलासाठी बाबा रडत होते. न आलेल्या मुलाला ते काय करतील ते मला माहीत नव्हतं. मी गप्प बसले. विधीला अजून अवकाश आहे, तोवर तू येशील, असं रोज स्वतःला सांगत राहिले.

गेल्या गुरुवारी आम्ही श्रीरंगपट्टणला गेलो, पश्चिमवाहिनीच्या घाटावर. मी, बाबा आणि आपले आप्पाजी भटजी. तुझी मुंज लावली तेच आप्पाजी. आता त्यांना धड दिसत नाही, मंत्र सगळे पाठ. घाटावर बसून त्यांनी दर्भानं देठांचे हातपाय बांधायला घेतले. बाबा एकेक देठ पुसून त्यांच्या हातात देत होते. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. एवढंसं झालं होतं रे ते माणूस, तान्ह्या मुलाएवढं. बाबांनी खिशातून स्वतःचा धुतलेला रुमाल काढून त्याच्यावर घातला. आप्पाजी म्हणाले, “रत्नाकरराव, हे विधीत नाही.” बाबा म्हणाले, “वारा आहे.”

अग्नीच्या आधी आप्पाजींची एक पद्धत आहे. ते घरच्यांना तीनदा विचारतात, काही बातमी आहे का. बातमी असेल तर विधी चालत नाही. त्यांनी विचारलं, “सुद्दी एनू इल्लवल्ला? काही बातमी नाही ना?” बाबा म्हणाले, “नाही.” त्यांनी पुन्हा विचारलं. बाबांनी रुमालाचं टोक सारखं करत पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारताना आप्पाजींनी तोंड माझ्याकडे केलं. बहिणीलाही विचारायचं असतं म्हणे.

मी म्हटलं, “आहे.”

आईला दिलेला शब्द मोडला. तिनं सांगितलं होतं, तुला आणू नये. पण तुला जाळावं असं ती म्हणाली नव्हती.

मग मी सगळं सांगितलं, पायरीवर उभं राहून, बाबांकडे न बघता. सूचना, रेघ, पाहुण्याचं वाक्य, माझा निरोप आणि ती वाचल्याची खूण, काही मागे ठेवलं नाही. मला वाटलं, ते ओरडतील. किंवा कोसळतील. त्यांनी फक्त विचारलं, “नाव काय लावतो?”

म्हटलं, एम. रत्नाकर.

“माझं नाव लावतो?”

“हो, बाबा.”

ते खाली बसले आणि तो पुतळा सोडायला लागले. आप्पाजी म्हणाले, तुम्ही राहू द्या, मी करतो. बाबांनी त्यांना हात लावू दिला नाही. एकेक गाठ नखानं सोडवली. दर्भ कुठे घट्ट बसला होता, तिथे तोडला नाही, ओला करून सैल केला. आप्पाजी हळूच म्हणाले, “स्वल्प बेग मुगिसि, रत्नाकरराव, लवकर आटपा, ऊन चढतंय.” बाबांना ऐकूच गेलं नाही. देठ नदीत सोडले. नारळ तेवढा सोडला नाही. तो रुमालात गुंडाळून मांडीवर घेतला आणि येलहंक्यापर्यंत तसाच आणला. रामनगरच्या पुढे गाडीनं गचका खाल्ला तेव्हा त्यांनी त्याच्यावर हात धरला. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि रडले.

तू आईच्या आजारपणात आला नाहीस, याबद्दल ते आजवर एक अक्षर बोललेले नाहीत. मी वाट बघते आहे, पण ते बोलत नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी मला सॉफ्टवेअर दाखवायला लावलं. नव्या आवृत्तीत तुझी सूचना घेतली आहे. रेघ आता शेवटचं दिसलेलं रोप जिथे असेल तिथे थांबते, पुढे जात नाही. ज्याची सूचना घेतली त्याचं नाव आम्ही खाली आभार मानून छापतो. बाबांनी चष्मा पुसला आणि तुझ्या नावावर बोट ठेवलं. मग मला विचारलं, “आणि हरवलं म्हणून लिहिलेलं रोप पुढे सापडलं तर?” मी म्हटलं, उद्या सांगते, आज झोपा.

उद्याची वाट कोण बघतो! शुक्रवारी ऑफिसात पोचले तर महांतेश माझ्या टेबलाशी उभा. “नयना, ये आपके फादर हैं क्या?” सूचनांच्या पानावर बाबांनी स्वतःच लिहिलं होतं, सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते तेव्हाच्या जुन्या थाटात, पूर्ण नाव, हुद्दा, निवृत्त, घरचा पत्ता. हरवले म्हणून नोंदलेले रोप पुन्हा आढळल्यास, ते इतके दिवस कुठे होते याचे कारण न विचारता, त्यास पूर्ववत यादीत घेण्याची सोय असावी, ही विनंती.

महांतेशनं ते वाचलं आणि म्हणाला, “ये तो पहले से है ना अपने में. आप आन्सर कर दीजिए.” आणि निघून गेला. त्याला सगळं कळलं असावं, कारण दिवसभर त्यानं मला दुसरं काम दिलं नाही.

उत्तर मी दिलं आहे. पान उघडून बघ, बाबांच्या सूचनेखाली आहे. ही सोय आधीपासून आहे, एवढंच लिहिलंय.

गिऱ्हाइकांच्या नोंदीतून पत्ता काढणं आमच्याकडे चालत नाही. तो मी काढला आणि हे पत्र टपालानं पाठवते आहे, म्हणजे वाचल्याची खूण मला दिसायला नको. त्या खुणेची मला भीती बसली आहे. नोकरी गेली तर गेली. डबा घेऊन कब्बन पार्कात बसेन.

आता एक शेवटचं. तो नारळ देव्हाऱ्याशेजारी आईच्या फोटोखाली ठेवला आहे. आप्पाजींना फोन करून विचारलं, याचं काय करायचं. ते म्हणाले, असा नारळ परत आणल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही, तुम्हीच ठरवा. फोडायचं कोणी बोलत नाही. रोज सकाळी अंघोळ झाली की बाबा तो कानाशी नेऊन हलवून बघतात. काल मलाही दिला. आत पाणी वाजतं अजून, पण पहिल्या दिवशी वाजत होतं तेवढं नाही.

गाडी ऑफिसच्या गेटात शिरली. कॉलेजच्या पत्त्यावर पोचायला आठवडा लागेल म्हणतात.

आईनं सांगितलं होतं तुला आणू नको. मी आणत नाहीये, दादा. पाणी आहे तोवर ये.

तुझी,
नयू